गीत : पारंपरिक

बाई,

सुपाचा तो आवाज अजून कानात आहे. दोन छोटे ठोके, मग एक लांब घासणारा सपकारा, पुन्हा दोन ठोके. मे महिना, अकोटची दुपार, मी तुमच्या मागच्या अंगणात पेढ्यांचा पुडा धरून उभा, आणि आत सैपाकघरात तुम्ही तूर पाखडत आहात. चोवीस वर्षांचा होतो. अमरावतीच्या शाळेत मराठीच्या मास्तराची नोकरी लागली होती आणि ती बातमी घरी सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला एसटीतून उतरून तडक तुमच्याकडे आलो होतो. पुढचं दार लावलेलं दिसलं म्हणून मागून वळलो. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो, कारण तुम्ही गात होता. वर्गात आम्ही कोणी 'मले' म्हटलं की खडू टेबलावर आपटून 'मला' म्हणवून घेणाऱ्या तुम्ही, त्या सुपाच्या ठोक्यावर, खालच्या आवाजात म्हणत होता,

भर उन्हात सख्या, कडी आतून लावली,
माह्या अंगावर पडू दे तुह्या अंगाची सावली.

लग्नानंतर दोन वर्षांत यजमान गेले, तेव्हापासून तुम्ही एकट्या राहत होता, हे सगळ्या अकोटला माहीत होतं. फिक्या रंगाची पातळं, घट्ट अंबाडा, आणि कविता शिकवताना खिडकीबाहेर लागलेली नजर. त्या दोन ओळींमधलं सगळं काही मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही; बरंचसं माझं लग्न झाल्यावर कळलं. पण पाय हलत नव्हते एवढं खरं. तुम्ही दारात आलात, मला पाहिलंत, आणि सूप कमरेला लावून विचारलंत, "काय ऐकलंस?" मी म्हटलं, "काही नाही, बाई." तुम्ही म्हणालात, "मग उन्हात उभा काहून आहेस? आत ये." तुमच्या तोंडून 'का'च्या जागी 'काहून' मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. नंतर तुम्ही मला कैरीचं पन्हं दिलंत, पेढा देवापुढे ठेवलात, आणि तो विषय आपल्यात पुन्हा कधी निघाला नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

आज हे लिहितो आहे कारण चार वाजता मला एका शाळेत जायचं आहे, तिथं काय बोलायचं ते ठरत नाही, आणि आत्ता घड्याळात एक वाजून गेला आहे.

माझी एक विद्यार्थिनी आहे. आता इथं अमरावतीतच एका खाजगी शाळेत संगीत शिकवते. नेमणूक तात्पुरती, या जूनमध्ये कायम होणार होती. गळा असा की प्रार्थना म्हणायला लागली तर शिपाईसुद्धा झाडू भिंतीला टेकवतो. दिवाळीनंतर ती घरी आली आणि म्हणाली, "सर, दुसऱ्यायचीच गाणी किती दिवस म्हणू? आपल्या बोलीतलं एक गाणं करू न. शब्द तुमचे." मला काय झालं असेल, तुम्हीच ओळखा. आयुष्यभर कवितेच्या वह्या भरल्या, दरवर्षी काव्यवाचनाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो, पण माझ्याकडे कोणी शब्द मागितले नव्हते. तीन वह्या पिशवीत घातल्या आणि आम्ही अकोल्याला गेलो.

स्टुडिओ म्हणजे एका गादी-रजईच्या दुकानावरची खोली. बाप खाली कापूस पिंजतो, लेक वर गाणी करतो. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना गाद्या ठोकलेल्या, त्यामुळे खोलीत शिरलं की आपलाच आवाज आपल्याला पाहुण्यासारखा वाटतो. त्या पोरानं माझ्या चार कविता ऐकल्या, मोठ्या अदबीनं. मग कानाला लावलेलं काढून म्हणाला, "सर, बुरा मत मानो, पर हे तं शाळेतली प्रार्थना वाटून राहिली. गाणं पाह्यजे, ज्याच्यानं माणूस रस्त्यात थांबन."

हे तुमच्याच वर्गात ऐकलं नव्हतं का बाई? 'पौर्णिमेची रात्र' या निबंधात मी रजनीचा पदर आणि चंद्राचा टिळा घातला होता, आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर विचारलं होतंत, "हे तू पाहिलंस का कुठं? मग तू जे पाहिलंस ते लिही." वर्ग हसला होता. पन्नासएक वर्षांनी गाद्यांच्या त्या खोलीत माझे कान तसेच तापले. आणि रागानं म्हणा, लाजेनं म्हणा, मी डोळे मिटून, गुडघ्यावर ठोके देत, तुमच्या त्या दोन ओळी म्हटल्या.

मग तो पोरगा जिन्यावरून ओरडला, "अम्मी, सूप भेज ऊपर!"

गाणं कसं झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. ढोलक नाही, पेटी नाही. अर्धं गाणं फक्त सुपावर चालतं. तुरीनं आवाज जड येत होता, म्हणून ज्वारी टाकून पाहिली, शेवटी रिकाम्या सुपात मूठभर तीळ टाकले तेव्हा तो सपकारा जमला. मुलगी आधी मोकळ्या गळ्यानं गायली, सुंदर गायली, आणि ते साफ चुकीचं होतं. मी तिला म्हटलं, "जोरात नको. दाराबाहेर कोणीतरी आहे आणि त्याला ऐकू जाऊ नये, असं म्हण." तिनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हळू म्हटलं. बाई, त्या गाण्याला लोक जे काही म्हणतात, अंगावर काटा येतो, लाज वाटते, कोणाची तरी आठवण येते, ते सगळं त्या हळू म्हणण्यात आहे. दुसरं कडवं मी तिथंच बसून जोडलं. 'चांदण्याच्या पैंजणांनी रात्र आली अंगणी.' हो, तेच. मी सुधारलो नाही.

निघताना पोरानं विचारलं, "गीतकार का नाम?" माझं नाव घालावं तर ती चोरी. तुमचं घालावं तर... तुमचं कसं घालणार होतो? आणि माझं घालायलाही भीती वाटली. या वयात असलं गाणं, पुण्यातला माझा मुलगा काय म्हणेल, स्पर्धेचे लोक काय म्हणतील. दोन्हीकडून सुटका म्हणून मी म्हटलं, "लिही, पारंपरिक." त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. मुलीनं विचारलं, "खरंच सर? कोणाचं?" मी म्हटलं, "आमची आजी म्हणायची." आणि तिनं आपल्या हातानं गाण्याच्या आधी पडद्यावर दिसणाऱ्या पाटीवर टाकलं : पारंपरिक वऱ्हाडी स्त्रीगीत. त्या पाटीचं मला कौतुक वाटलं होतं.

गाणं मोबाइलवर फिरू लागलं आणि पुढचे दोन महिने मी हवेत होतो. ऑटोत तुमच्या ओळी, बस स्टँडवर तुमच्या ओळी. भातकुलीला एका हळदीत गेलो तर डीजेनं त्या सुपाच्या ठोक्याखाली काय काय घातलेलं, आणि मुलं अंगातले शर्ट काढून फिरवत होती. सेमाडोहला फिरायला गेलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं, जंगलात जिप्सीवालासुद्धा तेच लावून बसला होता. माझं कडवं मात्र कोणी लावत नाही. मोबाइलवर जे तुकडे फिरतात त्यात ते कापलेलं असतं.

मग आमच्या भागातल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षबाई उठल्या. सत्तरीच्या, उंच, कडक. त्यांना सगळे मावशी म्हणतात आणि सगळे वचकून असतात. त्यांनी शाळेला तक्रार दिली, खाली बायकांच्या सह्या. अश्लील आहे ही तक्रार नव्हती बाई, तसली गाणी रोज वाजतात. तक्रार त्या पाटीवर होती. वऱ्हाडातल्या आयाबायांनी असलं कधी म्हटलं नाही, हिनं स्वतःची घाण आमच्या मेलेल्या मायांच्या नावावर खपवली, अशा बाईच्या हाती आमच्या नाती देणार नाही. शाळेनं मुलीला नोटीस दिली : हे पारंपरिक आहे याचा पुरावा आणा, किंवा ज्यानं लिहिलं त्याला आणा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका. त्यासाठीची बैठक आज चारला.

काल ती आली होती. खुर्चीवर बसलीच नाही.

"सर, तुमीच सांगतलं होतं न, आजीचं हाये म्हणून?"

"हो."

"मग कोणाले तरी येत असन न ते. तुमची बहीण, चुलत बहीण, कोणी तरी? मी भातकुलीपर्यंत फिरून आली. म्हाताऱ्या बाया नुसत्या हसतात आणि पदर तोंडाले लावतात. येते म्हणून कोणी कबूल होत नाही."

"आता कोण राहिलंय," मी म्हटलं.

ती दाराशी जाऊन वळली. मग म्हणाली, "शाळेतल्यायनं मले विचारलं, कोणी सांगितलं तुला. मी नाव नाही घेतलं. म्हटलं, म्हातारे माणूस हायेत, त्यायले कशाले वढता." आणि माझ्या पाया पडून गेली. बाई, तिनं तोंडावर चार शब्द सुनावले असते तर मी रात्री जेवलो असतो.

सकाळपासून मी दोन वाक्यं पाठ करतो आहे. 'हे गाणं अकोटच्या एका शिक्षिकेचं आहे' हे खरं वाक्य. ते म्हटलं की तासाभरात तुमचं नाव विचारतील, संध्याकाळी ते अकोटला पोचेल, आणि तुमच्या हाताखाली शिकलेली पांढऱ्या केसांची माणसं ओट्यावर बसून तुमच्या बंद दाराच्या गोष्टी रचतील. दुसरं वाक्य, 'हे मी लिहिलं आणि मुलीशी खोटं बोललो.' त्यानं ती सुटते. त्यानंतर मला कोणी परीक्षक म्हणून बोलावणार नाही, मुलगा काही दिवस फोनवर बोलणार नाही, तेवढं सोसेन. पण तुमच्या ओळी कायमच्या माझ्या होतील, आणि तुम्ही हयात नाही म्हणून मला कोणी अडवणार नाही. दुसरंच म्हणायचं ठरवलं आहे. परवानगी मागायला हे लिहायला घेतलं होतं, पण

मधे उठावं लागलं. जाळीच्या दाराशी कोणी उभं होतं. कपडे बदलून, छत्री जवळ ठेवूनच लिहायला बसलो होतो, मला वाटलं मुलगीच परत आली. मावशी होत्या. एकट्याच. सोबत मंडळाची एक बाई नाही. उन्हानं तोंड लालबुंद, पदर डोक्यावर ओढलेला. मी दार उघडलं.

"सर, तुमचंच हाये न हे काम? त्या पोरीले गाणं तुमीच देल्लं?" उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारलं. "ती घरी आली होती माह्या. नाव नाही सांगे, पण तिच्या तोंडात सारखं सर, सर. अन् शिकली तं ती तुमच्याकडंच."

मी हो म्हणून मान हलवली. पाठ केलेलं दुसरं वाक्य म्हणणार होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"आधी मले सांगू द्या. चार वाजता चार माणसायसमोर मले नाही जमणार." त्या खाली बघत होत्या. "माही माय म्हणे हे. आमच्या घरी पापडायले बाया जमल्या का बाप्यायले बाहेर काढत, दाराले कडी, अन् मग हेच. असंच्या असं. माय जाऊन तीस वर्षं झाली. तिचं गाणं डीजेवर वाजून राह्यलं सर, पोट्टे शर्ट काढून नाचून राह्यले. मी काय म्हणू? आमचं हाये म्हणू?"

त्यांना आत बसवलं आहे. पंखा लावला. चहा ठेवतो म्हणून सैपाकघरात आलो आणि ओट्यावरच या ओळी लिहितो आहे. बाहेर त्या बसल्या आहेत, माझ्या उत्तराची वाट बघत, आणि चारला अजून वेळ आहे. त्यांना बैठकीत हेच सांगायला लावायचं म्हणजे त्यांच्या मायला चावडीवर उभं करायचं. नाही सांगितलं तर मुलगी जाते. आणि मी 'माझं आहे' म्हटलं तर आता ते खोटं आहे हे जाणून खाली मान घालणारी एक बाई त्या खोलीत असेल. त्यांनाच विचारणार आहे, काय करायचं ते.

तुम्हाला मात्र एक सांगून टाकतो. ते गाणं तुमचं आहे, असं तुम्ही कधी म्हटलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तुम्ही एकट्या होता, म्हणून मीच ते तुमचं ठरवलं, इतकी वर्षं जपलं, आणि जपताना मला बरं वाटत होतं.