वाळू मोजणारी सासू

उंद्री

प्रिय प्रेरणा,

काल दुपारी तुझ्या शेजारच्या सारिकाचा फोन आला. भरतीच्या पाण्यानं अंगणवाडीची ओसरी गेली म्हणाली. मग तिनंच सांगितलं, पोरं गेल्या महिन्यापासून वरच्या समाजमंदिरात बसतात, कोणाला काही झालं नाही. तुझे बाबा सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होते. ताडपत्री सोडून जवळ आले, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेकरं वाचवले पोरीनं."

माझा हर्षल गेल्यावर मी बोलणंच सोडलं होतं. लोक म्हणायचे, सून आता कोकणात नोकरीच्या गावी जाईल आणि तिकडचीच होईल. तू गेलीस, पण मला सोबत घेऊन. सुरुवातीला मी खिडकी लावून बसायची, त्या लाटांच्या आवाजानं डोकं दुखायचं. मग एका रविवारी ओहोटीला तू माझ्या हातात काठी दिलीस. मी म्हटलं, "मले काय समजते त्यातलं?" तू म्हणालीस, "आई, नुसती सरळ धरा."

दोन सारख्या उंचीच्या काठ्या, मध्ये दोरी. मागच्या काठीवरून, दूर पाणी आणि आभाळ मिळतं तिथे नजर लावायची आणि पुढची काठी किती खाली उतरली ते पाहायचं, म्हणजे वाळू किती गेली ते कळायचं. दर महिन्याला, त्याच जागेवरून. तू, सारिका, तुझ्या शाळेतले चिन्मय सर आणि मी. पावसाळ्यात वाळू जाते आणि हिवाळ्यात परत येते, हे मला तिथे कळलं. अंगणवाडीसमोरची मात्र परत येत नव्हती. ग्रामसभेत कोणीतरी म्हणालं, या बाई वऱ्हाडातल्या, यांना दर्याचं काय कळतं? तू खाली बघत बसलीस, आणि मी कशी उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही. "म्या सोता काठी धरली. वाळू वापस येऊनच नाही राह्यली. लेकराइले तिथून हलवा." कोणी हसलं नाही, आणि अंगणवाडी हलवायचं ठरलं. त्या दिवशी घरी येऊन मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. तू तव्यावर आणखी एक भाकरी टाकलीस. सोयाबीनच्या काढणीसाठी मी इकडे परतले, पण ते उपकार मी विसरणार नाही, पोरी.

सारिकानं आणखी एक सांगितलं. चिन्मय सरांच्या आईनं तुला मागणी घातली, आणि तू नाही म्हणालीस. उंद्रीला दोन म्हातारी माणसं आहेत, त्यांना काय वाटेल, म्हणालीस. फोनवर मला रडू येईल, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं काठी घेऊन हसत चालताना मी पाहिलं होतं. पहिल्यांदा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नंतर तुझं हसणं ऐकून बरं वाटायला लागलं. सकाळी तुझ्या बाबांना विचारलं, तर म्हणाले, "तिले हो म्हणायले लाव." सरांच्या आईचा नंबर पाठव, बोलणी ते करतील. तुला लहानाची मोठी करणाऱ्या मामांनाही मी कळवते. लग्न दिवाळीनंतर इथे उंद्रीलाच करू. मांडवात मुलीकडची माणसं म्हणून आम्ही दोघं उभे राहू.

तुझीच,
आई