खात्रीची टॅक्सी

२ फेब्रुवारी
परवा विमानाने मुलीच्या शहरात. तिचं लग्न जिथे ठरतंय, त्या घरच्यांशी पहिली भेट. सौ. आधीच तिकडे जाऊन बसली आहे. मुलीने फोनवर बजावलं, बाबा, सगळं जवळपास जमलंय, प्लीज त्यांच्यासमोर शहाणपण नको, साधी माणसं आहेत. साधी! साध्या माणसांनाच माझा उपयोग जास्त. वजनकाटे दुरुस्त करायला मी कुठल्या कॉलेजात गेलो होतो? स्वतः उघडले, स्वतः बसवले. काटा असो की माणूस, खोट लगेच कळते.
तिकडून कुणीतरी न्यायला येतो म्हणे. नको म्हणून ठणकावलं. आज फुकट गाडीत बसलो की जन्मभर मिंधेपण. मीटरची टॅक्सी घेणार.

३ फेब्रुवारी
अभ्यास पूर्ण. मीटरला सील हवं. आपण बसल्यावरच मीटर सुरू व्हायला हवा. ड्रायव्हरने रस्ता विचारला तर तो अडाणी, नाही विचारला तर लबाड. मुख्य नियम: टॅक्सीकडे आपण जायचं. स्वतःहून आपल्याकडे येतो तो दलाल.
मेव्हण्याने अॅपवरून गाडी बोलव म्हटलं. मेव्हणा कारकून आहे. सोडून दिलं.
मुलीने होणाऱ्या व्याह्यांचा फोटो पाठवलाय. उघडला नाही. फोटोवरून माणूस जोखत नाही मी.

४ फेब्रुवारी, दुपार, विमानतळाबाहेरचा बाक
नियम खरा ठरला! दारातून बाहेर पडतो न पडतो तोच एक टकला हसत अंगावर आला. या, या, व्याहीबुवा, म्हणे, गाडी उभीच आहे. आडनावानेही हाक मारली! बॅगेवरची चिठ्ठी वाचली असणार. भाडं किती विचारलं, तर पोट धरून हसला. अहो, तुमच्याकडून भाडं घेऊ? पक्का मुरलेला. आधी नातं जोडायचं, मग खिसा कापायचा. वर माझ्या बॅगेला हात! मी चोर, चोर म्हणून असा आवाज लावला की गार्डने त्याचं मनगटच पिरगाळलं. चौकीकडे नेताना ओरडत होता, अहो, मुलीला फोन तरी लावा! माझ्याच मुलीला! निर्लज्जपणाला सीमा नाही.
बाकीची माणसं मेंढरांसारखी दिसेल त्या गाडीत शिरत होती. कीव आली.

त्याच दिवशी, टॅक्सीत
बऱ्याच गाड्या नापास केल्यावर ही मिळाली. सील दाखव म्हटल्यावर ड्रायव्हर म्हणाला, काका, गाडी विकत घेताय का? उर्मट, पण सील अस्सल. हायवेने निघाला होता; लांबचा रस्ता दाखवून लुबाडायचा डाव. मी नकाशावरून काढलेल्या बाजारातल्या रस्त्याने घ्यायला लावली. सध्या एका हातगाडीमागे उभे आहोत. बराच वेळ. ड्रायव्हर शिट्टी वाजवतोय. मुलीचे फोनवर फोन. उचलत नाही, मीटरवरची नजर हटवून चालणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मीटर चोख निघाला. विजयाने बेल वाजवली. सौ.ने दार उघडलं, माझ्या पाठीमागे पाहिलं आणि विचारलं, व्याही कुठायत? नको नको म्हटलं तरी स्वतः गेलेत तुम्हाला आणायला.
मी पाणी मागितलं.
टकले आहेत का, असं सहज विचारलं. सौ. खुर्चीत बसली. चौकीचं सांगितल्यावर मुलगी चप्पल घालून तिकडे धावली.
कोणीही माझ्या जागी असता तर हेच केलं असतं. ओळखपत्र गळ्यात घालून यायला काय झालं होतं?

५ फेब्रुवारी
आज त्यांच्या घरी भेट झाली. व्याह्यांच्या उजव्या मनगटाला पट्टी. विहीणबाईंनी पुन्हा विचारलं, नक्की हे काय झालं हो? म्हणाले, काल बॅग उचलताना लचकलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीने मान खाली घातली.
बोलणी सौ.ने केली. तारीख ठरली, हॉल ठरला. मला कोणी काही विचारलं नाही. व्याह्यांनीच डाव्या हाताने माझा चहा ओतला, थोडा बशीत सांडला, म्हणाले, सॉरी हं.
आता बोलायलाच हवं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. घसा साफ केला. खिडकीतून त्यांची गाडी दिसत होती. तुमच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, म्हटलं.
मुलगी उठून आत गेली.