दोन ताटांचा साक्षीदार

तीर्थस्वरूप द्वारकाबाईस, धाकट्या नेमसिंगचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस, म्हणून लिहून राहिलो.

आपल्या तांड्यातल्या थावराभाऊची शिला आणि मी एकाच वर्षी वकील झालो (मार्क मला जास्त होते, हे तुला ठाऊक आहे). सेनगावच्या कोर्टात आमची टेबलं शेजारी. पण गायरानाचं भांडण असो की मसनवट्याच्या वाटेचं, गावानं दूर लोटलेला माणूस माझ्या टेबलाला वळसा घालून तिच्याकडं जातो. मला विचारतात ते एवढंच, की शिलाताई कधी येणार.

मागं धुरपताबाई खंदारे अशीच आली. ती तुमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागली, तर मातंगाच्या बाईच्या हातचं नको म्हणून लेकरांना घरून डबे सुरू झाले. वर तक्रार गेली, की तिचं जेवण घाण असतं, तिला काढा. बाई विधवा, त्याच कामावर घर चाललेलं. शिलानं फी न घेता वकीलपत्र घेतलं. पेपरात फोटो आला. तुझ्या भावजयीनं तो कापून कपाटाला चिकटवला (माझ्या कपाटाला).

चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब शाळेतच आले. शिलाची फजिती बघावी म्हणून मीही गेलो. तुझ्याशी खोटं काहून बोलू? उभ्याउभ्या भूक लागली, धुरपताबाईनं ताट पुढं केलं, मी खाल्लं. मग आणखी एक खाल्लं. (राग धरू नको, तुझ्या खिचडीपेक्षा बरी होती.) तेवढ्यात शिलानं तक्रारदारांना विचारलं, "तुमच्यापैकी हे कुणी चाखलंय?" चाखलं कुणीच नव्हतं. ती माझ्याकडं वळली. "नेमसिंगभाऊ, तुमी दोन ताटं जेवलात. कशी होती?"

तोंडात घास असताना खोटं बोलणं मला काही जमलं न्हाई. "चांगली होती," म्हणालो.

माझा जबाब लिहून घेतला. निकाल लागेपर्यंत धुरपताबाईचं काम कायम राहिलं. ती रडत पाया पडली, ती शिलाच्या. पेपरात शिलाचा पुन्हा फोटो, आणि मी 'एक ग्रामस्थ'.

लेकरांना आशीर्वाद.

तुझा नेमसिंग (वकील)

ता. क. – पुढल्या तारखेला समोरचा वकील मला पहिलं हेच विचारणार, की तुमच्या सख्ख्या बहिणीची नातवंडं शाळेत घरचा डबा काहून आणतात. उद्यापासून डबे बंद कर.

आणखी एक – हे मी शिलाच्या सांगण्यावरून लिहीत न्हाई. ती तर म्हणाली, "राहू द्या भाऊ, द्वारकाबाईला मीच येऊन सांगते." ती यायच्या आत डबे बंद झाले पाहिजेत. एवढं एक तरी माझ्यामुळं झालं असं होऊ दे.