हत्तीचा धडा

मु. होळी, वसई
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

जितू,

आशीर्वाद आहेतच, पण आधी माझं ऐक. फोन तू उचलत नाहीस, उचललास की "ताई, मीटिंगमध्ये आहे." जेवतानासुद्धा मीटिंग? म्हणून विपुलच्या हाती हा कागद देतेय. तो बोळिंजला भाजी घेऊन येतो, तुझ्या दारात उभा राहून देईल. इकडे सगळं बरं आहे. म्हणजे वाडी बरी आहे. पाऊस लांबला म्हणून मेथी कुजली, एवढंच.

आज तुझ्या क्षितिजाच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. दुसरीत काय शिकवतायत नि घरच्यांनी काय करायचं, ते दर महिन्याला मोबाईलवर येतं ना? येतं तुला, तू ढकलतोस मला. "रोज थोडा वेळ मुलाचं वाचन ऐका. वाचलेलं घरच्या भाषेत सांगायला लावा." अरे, मी चौथी शिकलेली बाई, मला इंग्रजी काय कळतंय? इंग्रजी शाळेचा हट्ट तुझा; पोरीची आई, जयवंती, होती तेव्हाही तिचा नव्हता. तरी ऐकलं. संध्याकाळी मी केळीच्या सोपटाच्या दोरीने भाजीच्या जुड्या बांधते, ती समोर पुस्तक घेऊन बसते. माझे हात ओले, म्हणून पुस्तकाला हात लावत नाही. ती बोट फिरवते, काहीतरी इंग्रजी पुटपुटते, मग मराठीत सांगते.

धडा हत्तीचा. हत्ती खाडीपलीकडे घर बांधायला गेलाय. पिल्लू इकडे एका रागीट हत्तिणीकडे ठेवलंय. ती दिवसभर ओरडते, पण केळी देते. मला आपलं हसू यायचं. म्हटलं, "काय गं, तुझा हत्ती फारच आळशी. येणार कधी?"

"उद्याच्या पानावर येईल, आत्या."

तू दिवाळीनंतर तिला नेतो म्हणाला होतास. दिवाळी झाली.

तर बाई म्हणाल्या, "हिला अजून साधे शब्द वाचता येत नाहीत. उभी केली की गप्प. घरी अभ्यास कोण घेतं?"

म्हटलं, "मीच. हत्तीचा धडा तर फाडफाड सांगते."

बाईंनी पुस्तक काढलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मला चित्रं दाखवली. पतंग आहे, बस आहे, मांजर आहे. म्हणाल्या, "आजी, यात हत्ती नाही."

आजी म्हणाल्या मला. जाऊ दे.

घरी येऊन मी पोरीला एक शब्द बोलले नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तरी नाही बोलले. रोजच्यासारखी जुड्या घेऊन बसले. म्हटलं, "वाच." ती वाचायला लागली. घराला रंग झाला, खिडक्या लागल्या, हत्ती आता निघेलच. मी विचारलं, "पिल्लाची आई कुठे असते गं?"

तिने पान उलटलं. "ते पान फाटलंय."

मी जुड्या बाजूला ठेवल्या.

नेत्राला मी नावं ठेवत नाही, चांगली असेल. तुमच्या लग्नाला पोरीला आणू नको म्हणालास, नाही आणलं. तिला सांगू नको म्हणालास, नाही सांगितलं. तिला अजून वाटतं, बाबा एकटा राहतोय आणि घराचं काम चाललंय. तुझ्या घराचं काम किती वर्षं चालणार आहे, ते मला सांग.

सोमवारी बाईंना सांगायचंय, पोरीचं वाचन घरी कोण घेणार ते. तू घेणार असशील तर ये नि तिला घेऊन जा. नेणार नसशील तर तेही तूच ये नि तिच्या तोंडावर सांग. मी तुझ्या वतीने आता काही सांगणार नाही. मग मी तिला मराठी शाळेत घालीन. तिथलं पुस्तक निदान मला वाचता येईल.

विपुलकडे खाऊ देऊ नकोस. निरोपही नको. रविवारी दुपारपर्यंत मला तू दारात पाहिजेस, हो किंवा नाही घेऊन. नाही आलास तर सोमवारी शाळेत पालक म्हणून माझं नाव लावते. ते नाव मग मी काढू देणार नाही, तू रडत आलास तरी.

क्षितिजाची आत्या,
मथुरा