गुडघ्याचा हलका पट्टा

निमगाव केतकी,
मंगळवार

प्रिय प्रतिक्षा,

रोज फोनवर बोलतो आपण, मग वहिनीने पत्र का धाडलं, असं तुला वाटेल. पण फोन तुझ्या आईच्या खाटेशेजारून होतो, आणि अर्धांगाने त्यांची एक बाजू गेली असली तरी कान शाबूत आहेत.

गेल्या गुरुवारी मी गुडघा दाखवायला बारामतीला येऊन गेले. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तशीच स्टँडवर परतले. लंगडत तुझ्या दारात उभं राहायला नको वाटलं. पायरीवरून घसरले, असं मी तुला सांगितलं होतं ना, ते खोटं. महिन्यापूर्वी आईंना न्हाणीतून आणताना ओल्या फरशीवर माझा पाय फिरला. तुझा दादा ट्रक घेऊन गेलेला, घरात आम्ही दोघीच. त्यांना सोडलं नाही, पण गुडघ्यात कट्कन वाजलं.

महिनाभर अंगावर काढलं, शेवटी त्या गुरुवारी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट थोडं फाटलंय. ऑपरेशन टळेल, पण दीड महिना पट्टा लावायचा आणि ओझं उचलायचं नाही. मी मान हलवली. कोणाला उचलते, ते त्यांना सांगितलंच नाही.

तिथल्याच औषधांच्या दुकानातल्या बाईंनी गुडघ्याचे दोन पट्टे काढले. एक जाड, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला. दुसरा हलका, जाळीच्या कापडाचा, कडेला पातळ पट्ट्या. मी हलक्यावर हात ठेवला. साडीखाली दिसणार नाही आणि कामाला अडचण नाही, एवढंच डोक्यात. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, टेपने मांडी मोजली, आणि सहज विचारलं, “घरी कुणाला उचलावं लागतं का, ताई?” मला तिथंच रडू आलं, चार माणसांत. त्या म्हणाल्या, “ह्यो पट्टा तुमच्या एकटीपुरता हाय. दुसऱ्याचं वजन त्याला पेलायचं न्हाय.” तरी मी तोच घेतला, आणि घरी येऊन पुन्हा उचलायला लागले. तुझा दादा ट्रकवर, दुसरं कोण होतं?

आईंनी पट्टा दुसऱ्याच दिवशी पाहिला. “माज्यापायीच झालं न्हवं?” म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांच्या हाका कमी झाल्या. न्हाणीत दिवसातून एकदाच. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं, आणि का, ते मी विचारलं नाही.

काल कपडे वाळत घालायला गेले, तर त्यांच्या खिडकीखाली चिखल. चार दिवस त्या तांब्यातलं पाणी बाहेर ओतत होत्या. ओठ फुटलेत गं त्यांचे. विचारलं, तर म्हणाल्या, “प्यालं की तुला उठाय लागतंय.” मग शेजारच्या रतनकाकूंना हाक मारली, दोघींनी धरून त्यांना न्हाणीत नेलं, आणि परत आल्यावर त्या घटाघटा पाणी प्यायल्या.

रतनकाकू रोज येऊ शकणार नाहीत. रविवारी गाडी घेऊन ये आणि आईंना दीड महिना तुझ्याकडे ने. लग्नाला बारा वर्षं झाली, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हेही मागत नाही, सांगते आहे. फक्त त्यांना असं म्हण, की तुलाच त्यांची आठवण येत होती.

तुझीच,
राजेश्वरी वहिनी