मिस रूम

३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०
रोजनिशी आजपासून नियमित. खरं तेवढंच लिहायचं, तेही थोडक्यात.

साहेबांच्या मुलीचा फोन. वय अठ्ठावन्न, पण माझ्यासाठी बेबीच. साहेबांनी जन्मभर जमवलेल्या घंटांचं म्युझियम एक डिसेंबरला उघडतंय. शिवाय एक लेखक साहेबांचं चरित्र लिहितोय, त्याला भेटाल का, म्हणाली. ‘भेटाल का’ म्हणे! चौतीस वर्षं मी साहेबांची सेक्रेटरी. डोअरबेल बनवणाऱ्या एका पत्र्याच्या शेडचे तीन कारखाने झाले ते साहेबांच्या डोक्याने आणि माझ्या टाइपरायटरने. साहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि हिला आठवण आज होते.

वेळ बघून कळवते म्हटलं. वेळ ढीगभर आहे, पण ते तिला कशाला कळायला हवं?

निश्चय : आपणहून फोन करायचा नाही.

३ नोव्हेंबर, दुपारी १२
फोन केला. नंबर अजून तोच आहे का, एवढंच बघायचं होतं. उद्या अकराला.

४ नोव्हेंबर
लेखकाला दाढी आहे. शॉर्टहँड येत नाही. मोबाईल टेबलावर ठेवून बोला म्हणाला. मी जन्मापासून सुरुवात केली. पाऊण तासाने त्याने विचारलं, मॅडम, यात साहेब कधी येतात? मी म्हटलं, धीर धरा, मी अजून कॉन्व्हेंटातच आहे.

शॉर्टहँड शिकवणाऱ्या सिस्टरचंही सांगितलं. शॉर्टहँडमध्ये रेघ म्हणजे व्यंजन, टिंब म्हणजे स्वर. सिस्टर डोक्याशी उभी राहून बजावायची, मुली, टिंब दे, टिंब! मी कधी दिलं नाही. मिनिटाला एकशे चाळीस शब्द घेणाऱ्या बाईने टिंबं देत बसायचं? पुढचा-मागचा शब्द पाहिला की कळतं. चौतीस वर्षांत एक चूक नाही.

दाढीने जांभई दिली. दाढीतच लपवली, पण मी पाहिली.

८ नोव्हेंबर
भाची आली होती. माझ्या शॉर्टहँडच्या दोनशे अकरा वह्यांचं कपाट बघून म्हणाली, मावशी, हे रद्दीत दे ना, भिंतीला वाळवी लागेल. मी म्हटलं, साहेबांनी घंटा जमवल्या तर संग्राहक, मी वह्या जमवल्या तर वाळवी?

मग तिला शेवटी ती गोष्ट सांगितली. इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. जाण्याआधी दोन महिने साहेबांनी मला म्युझियमबद्दलचं इंग्रजी पत्र तोंडी सांगितलं होतं, मी शॉर्टहँडमध्ये घेऊन टाइप केलं. कुठे काय मांडायचं, सगळं. त्याची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. त्यात स्पष्ट आहे : ‘तळमजल्यावरची पूर्वेची मोठी खोली मिस रूम म्हणून राखावी. ती साधी, स्वच्छ, हवेशीर असावी. तिथून कुणी उपाशी परत जाऊ नये.’

मला साहेबांसकट सगळं ऑफिस ‘मिस’च म्हणायचं.

भाची म्हणाली, उपाशी म्हणजे? मी म्हटलं, ज्ञानाला उपाशी. साहेब बोलता बोलता कधी कधी कवी व्हायचे. भाची उठून चहा टाकायला गेली. भारावली असणार.

१२ नोव्हेंबर
बेबीकडून खोलीबद्दल अक्षर नाही. सरप्राइज ठेवायचं असेल. आपणही काही माहीत नसल्यासारखं वागायचं.

१३ नोव्हेंबर
फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, पूर्वेच्या खोलीचं काय चाललंय? बेबी म्हणाली, अगदी पप्पांच्या मनासारखी होतेय, फक्त नळाचं काम राहिलंय.

नळ! वॉशबेसिनसुद्धा देतायत. इतकं नको होतं.

१९ नोव्हेंबर
दाढीने चरित्राची कच्ची प्रत पाठवली. तीनशे बारा पानं. पैकी शिपायावर अख्खं प्रकरण. साहेबांचा डबा, साहेबांची छत्री, शिपायाची निष्ठा. माझा उल्लेख पान १८७ वर. ‘कार्यालयीन कर्मचाऱ्यांनीही मोलाची साथ दिली.’ ‘कर्मचाऱ्यांनीही’ मधला ‘ही’ म्हणजे मी!

दानधर्माचं प्रकरण वाचून तर रक्त उसळलं. साहेबांनी म्हणे मदतीसाठी आलेलं प्रत्येक पत्र स्वतः वाचलं. कुणी वाचलं? शाळा, दवाखाने, विधवा, सगळ्यांची पत्रं मी वाचायची, कुणाला होकार द्यायचा ते मी ठरवायची, उत्तर मी टाइप करायची. साहेब डोळे झाकून सही करायचे. मुलांच्या दवाखान्याचा नवा वॉर्ड उभा राहिला तो माझ्या ड्राफ्टमुळे. आणि हा दाढीवाला सगळं पुण्य सहीला देतो.

निश्चय : उद्घाटनाला जायचं नाही. बसा म्हणावं माझ्या खोलीत माझ्याशिवाय.

२० नोव्हेंबर
मोत्यांचे कानातले पॉलिशला टाकले. त्याचा उद्घाटनाशी संबंध नाही.

२४ नोव्हेंबर
भाषण तयार. सात मिनिटं. सुरुवात : ‘मी या सन्मानाला पात्र नाही.’ भाचीला म्हणून दाखवलं. म्हणाली, बाकी छान आहे, मावशी, पण पहिलं वाक्य तुला पटलेलं वाटत नाही.

१ डिसेंबर, सायंकाळी ६
थोडक्यात लिहायचं ठरलं होतं. जमेल असं वाटत नाही.

दहाला पोचले. पर्समध्ये भाषण आणि कार्बन कॉपी. पहिल्याच काचेच्या पेटीत साहेबांची टेबलावरची पितळी घंटा. खाली चिठ्ठी : ‘शिपायाला बोलावण्याची घंटा.’ मी बेबीला तिथल्या तिथे सांगितलं, एक टोला शिपायाला, दोन टोले मला. चिठ्ठी बदला. बेबी म्हणाली, तुम्हाला कुठे घंटा लागायची, मिस? पप्पांनी हात उचलायच्या आत तुम्ही दारात. शिपाई शेजारीच उभा होता. तोही हसला. छत्रीवाला!

मग पूर्वेची खोली.

लांब टेबलं. बाकं. स्टीलचे पेले. कोपऱ्यात नळ, वाफाळणारा चहाचा बंब, आणि कारखान्याच्या शाळेतली साठेक मुलं पावाला जॅम लावून खातायत. दारावर पाटी : ‘मेस रूम’.

मी म्हटलं, पाटी रंगवणाऱ्याने घोटाळा केलाय. बेबी म्हणाली, कसला? मी कार्बन कॉपी काढून तिच्या हातात दिली. टाइप केलेलं ‘मिस’. एम, आय, एस, एस. मोठ्याने वाचून दाखवलं. मुलं खायची थांबली.

बेबीने मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. तिथे फ्रेममध्ये मूळ पत्र. माझंच टायपिंग, साहेबांची सही. आणि ‘मिस’मधल्या आयवर साहेबांच्या हिरव्या शाईची बारीक काट. वर ई. मेस.

मी म्हटलं, साहेब कधीच वाचत नसत. बेबी हळूच म्हणाली, सगळं वाचायचे. तुम्ही साडेपाचला घरी गेलात की हिरवं पेन काढून बसायचे. क्वचित काही सापडायचं, पण वाचायचे. तुमच्या दानाच्या पत्रांतल्या काही नकारांचे होकारही केलेत. आम्हाला ताकीद होती, मिसना कळू द्यायचं नाही, त्यांना लागेल.

चौतीस वर्षं. पाठीमागून. हिरव्या शाईने.

मी विचारलं, दवाखान्याच्या वॉर्डाचं पत्र? बेबीने फ्रेमची काच पदराने उगाच पुसली आणि म्हणाली, चहा घेता का, मिस?

घेतला. गोड मिट्ट होता. भाषण पर्समध्येच राहिलं. बाकावर शेजारी बसलेल्या एका मुलीने विचारलं, आजी, तुम्ही कोण? मी म्हटलं, टायपिस्ट.

२ डिसेंबर, सकाळी
बेबीचा फोन. उचलला नाही. वाजू दिला.

घरातली डोअरबेलही त्यांच्याच कारखान्यातली. काढून टाकायची. भाचीला सांगितलं. ती म्हणाली, मग मी आलेली तुला कळणार कसं? तूर्त राहू दे म्हटलं.

२ डिसेंबर, दुपारी
हे काय वागणं झालं! चूक दिसली तर तोंडावर सांगायची. मी एवढी काचेची होते का? हो म्हणाल तर खबरदार.

३ डिसेंबर
कपाट उघडलं. वही क्रमांक दोनशे अकरा, पान चाळीस. म आणि स, दोन व्यंजनं. शेजारी टिंब नाही. मिस वाचा, मेस वाचा. पुढचा-मागचा शब्द बघायचा होता. ‘उपाशी’ पुढच्याच ओळीत होता.

चष्मा पुसला. पेन्सिलीला टोक केलं. टिंब दिलं.

मग वही क्रमांक एक काढली.