घट्ट झाकणाची बरणी

रविवार, संकष्टी. बाप्पा, चंद्रोदयाला अवकाश आहे, तोवर तुला लिहिते.

कमानिया गेटच्या बाजारातून पारदर्शक बरणी आणली, साठ रुपये. झाकण मलाच उघडेना. "काहून अशी घ्यायला लावलीस?" म्हटलं, तर वैदेही म्हणते, "आई, उघडू नये म्हणूनच!"

माझी लेक मुलांना बोलायला शिकवते. आता ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांना शिकवायचं प्रशिक्षण घेऊन राहिली आहे. मागच्या परीक्षेत नापास झाली, कारण मुलाच्या आईला बाजूला सारून स्वतःच त्याच्याशी खेळत बसली. वळण माझंच. मी नाही का तिच्या हातून लाटणं ओढून घेत?

आज वरच्या मजल्यावरची सुनीता तिच्या गोलूला घेऊन आली. चार वर्षांचा, अजून बोलत नाही. परीक्षेसाठी व्हिडिओ मीच काढला. बरणीत मुरमुरे. गोलू झाकणाशी झटू लागला, सुनीता उघडायला धावली. वैदेहीचे हात मात्र मांडीवर.

"रुको दीदी. पास बैठो, बस."

किती वेळ गेला! मी थांबले असते? छे. मग गोलूनं बरणी आईच्या हातात ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"काकीजी, इसने मुझसे माँगा!" सुनीता रडायलाच लागली. वैदेहीचे डोळे भरलेले, पण हात तेव्हाही मांडीवरच.

व्हिडिओ तिच्या प्रशिक्षणाच्या बाईंकडे गेला. माझ्याकडून तर पोरगी पास झाली. बाई काय म्हणतात ते, बाप्पा, उलट टपाली कळव.